उपड्या पातेल्यातलं बोलणं

सायलस,

मला लिहिता येत नाही, आणि येत असतं तरी मालकानं बोटं ठेचली असती. म्हणून प्रार्थनेला दारात उपडं घातलेल्या पातेल्याला तोंड लावून तुझ्याशी बोलतेय. आवाज त्यातच राहतो म्हणतात, मालकाच्या घरापर्यंत जात नाही.

तुला नदीपलीकडे, कॅन्ससची नवी जमीन कसायला धाडलं, तेव्हापासून आम्हा बायांचं दर रविवारी देवाकडं एकच मागणं: त्या मुलखात गुलामगिरी नको, अशीच मतं पडू देत, म्हणजे तू सुटशील.

काल दुपारी मी वाढत होते. पाहुण्यानं मालकाला विचारलं, "गुलामगिरी नाही म्हणाले, तर तुझ्या तिथल्या गड्यांचं काय?"

"वारं तिकडं फिरलेलं दिसलं, की मतं पडायच्या आधीच लांब टेक्सासला विकून टाकीन. फुकट सोडायला मी काय खुळा आहे?"

"आणि आपण जिंकलो तर?"

"मग राबतील तिथंच जन्मभर." मालक माझ्याकडे बघून हसला. "काय गं डोर्कस, तुझा नवरा तिथंच ना? कोण जिंकावं म्हणतेस?"

मी म्हटलं, "मालक, मक्याची भाकरी गरम आहे. आणखी वाढू?"

आता बाया जमल्यात. जुडिथमावशी खेकसतेय, "डोर्कस, पातेल्यातच झोपलीस का? चल, माग देवाकडं!"

जाते. त्या मागतील, मी नुसते ओठ हलवीन. सायलस, मीही मागितलं आणि देवानं नेमकं माझंच ऐकलं तर?

तुझीच,
डोर्कस