विसरल्याचं उत्तर येईपर्यंत

आबा,

शाळेत घालण्याआधी तुम्हीच मला शिकवलंत. केळीच्या बागेतून यायचात आणि स्वयंपाकघरातल्या फरशीवर खडूनं बेरीज लिहायचात. उत्तर बरोबर आलं तरी म्हणायचात, "उलटं करीसन दखाड." उलट वजाबाकीत मूळ आकडा आला नाही की पाठीत धपाटा. आई भाकरी थापत राहायची. आजही मी लिहिलेली प्रत्येक ओळ उलटी तपासते आणि तपासताना पाठ आपोआप ताठ होते. याला तुम्ही संस्कार म्हणाला असतात.

मग लोणखेड्याचं कॉलेज, होस्टेल. दिवाळीला घरी आले ती नेहमीसारखी थेट माझ्या खोलीत शिरले. आत नवी वहिनी साडी बदलत होती. ती किंचाळली. दादाचं लग्न होऊन मी परत गेल्यावर तुम्ही ती खोली त्यांना दिली होती आणि मला कळवलं नव्हतं. मी दारात उभी आहे, बॅग अजून खांद्यावर, आणि तुम्ही ओट्यावरच्या माणसांना ऐकू जाईल असं म्हणताय, "पाव्हनीनी इचारीसन याव. हाई घर आते तुन्हं नही."

आई आतून म्हणाली, "तिले कोनी सांगं व्हतं का?"

"सांगानं काय? समजाले पायजे."

माझं काम तुम्ही कधी विचारलं नाहीत, म्हणून आता ऐका. एका मोठ्या यंत्रात अनेक लहान संगणक राहतात. आमच्या धंद्यात त्यांना पाहुणे म्हणतात आणि मोठ्याला यजमान. प्रत्येक पाहुण्याला वाटतं, मेमरी आपलीच आहे. खरी जागा कुठली, हे फक्त यजमानाच्या तक्त्यात असतं. नेटवर्कचं कार्ड तो तक्ता वाचतं आणि काही पत्ते लक्षात ठेवतं. यजमानानं जागा काढून घेतली, तर तक्त्यातलं नाव खोडणं पुरत नाही. कार्डाला "विसर" असं सांगावं लागतं, आणि विसरल्याचं उत्तर येईपर्यंत ती जागा दुसऱ्या कुणाला द्यायची नसते. नाहीतर ते बिनधास्त दुसऱ्याच्या जागेत लिहीत सुटतं. त्यात कार्डाची चूक नसते.

उत्तर येईपर्यंतचं हे थांबणं प्रोग्रॅममध्ये मी लिहिलं होतं. त्यानं वेग कमी होतो म्हणून ऑफिसातले सर ते काढायला सांगत होते, नाहीतर काम दुसऱ्याकडे देणार होते. सगळ्यांसमोर म्हणाले, "अगं, तुमच्या खानदेशात पाहुण्याला जा म्हणायला एवढा वेळ लावतात?"

"सांगतच नाहीत, सर," मी म्हणाले. सगळे हसले.

मग त्यांच्यासमोर मी थांबणं काढून चालवून दाखवलं. एका पाहुण्याचा मजकूर दुसऱ्याच्या मेमरीत जाऊन पडला. कुणी हसलं नाही. थांबणं राहिलं, कामही माझ्याकडेच राहिलं. तुमचा क्रूरपणा माझ्या पोटापाण्याला आला, याचा मला आनंद नाही.

हे तुम्हाला पोचणार नाही, ते बरंच आहे. तुम्ही आज असतात तर उत्तर न देता शुद्धलेखन दुरुस्त करून परत केलं असतंत.

त्या दिवशी ऑफिसातून निघताना सरांनी विचारलं, "इतकं पक्कं कुठे शिकलीस?"

मी म्हणाले, "कॉलेजात."

आबा, कॉलेजात हा धडा नव्हता.