नऊ नंबरची जर्सी कोणी परत दिली

मी, विद्यापीठाच्या पुरुष फुटबॉल संघाचं सामान अडतीस वर्षं सांभाळलेला, वय एकोणऐंशी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दडपणाशिवाय, स्वहस्ते लिहीत आहे. शुद्धीत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. जावईबापू पहिली शंका तीच काढतील.

१. राहतं घर मुलीला. किल्ली तिच्याच हातात द्यावी. जावयाने दोन महिन्यांत तीनदा खोल्या मोजल्या. विचारलं तर म्हणाले, "पडदे शिवायचेत, बाबा." पडदे अजून आलेले नाहीत.

२. हवा भरायचा पंप, त्याच्या सुया व शिलाई मशीन संघाच्या सध्याच्या सामानवाल्याला. माणूस आळशी आहे, सुया ओल्याच ठेवतो. पण चोर नाही. दोन वर्षं पाळत ठेवून खात्री केली आहे.

३. वह्या एकूण अडतीस, वर्षाला एक, त्याही मुलीला. सामना संपला की प्रत्येक जर्सी मी खेळाडूच्या हातून परत घेई आणि कोणती कोणी दिली ते तिथेच लिहून ठेवी. आता संघाचा इतिहास छापायचं घाटतं आहे. त्यासाठी क्रीडा विभागप्रमुख, म्हणजे आपल्या एकुलत्या एका अजिंक्यपदाच्या वेळचे कप्तान, महिन्यात चारदा संत्री घेऊन आले. एवढ्या वर्षांत हा माणूस माझ्या दारी फिरकला नव्हता. नेमकी त्याच वर्षाची वही मागतात. "काका, नुसती चाळून परत देतो." कुठेतरी पाणी मुरतंय. संत्री ठेवून घेतली, वही दिली नाही.

त्या अंतिम सामन्यात मध्यंतराला सगळे चिखलाने माखले होते. कोरड्या जर्सी घाईघाईत वाटताना कप्तानाची नऊ नंबरची मी त्याच संघात खेळणाऱ्या माझ्या धाकट्या मेहुण्याला दिली आणि त्याची चौदा नंबरची कप्तानाला. चूक माझी. गोल मेहुण्याने मारला, पंचांनी पाठीवरचा आकडा लिहिला आणि मिरवणूक कप्तानाची निघाली. प्रशिक्षक माझ्या कानाशी म्हणाले, "तोंड उघडू नकोस, जर्सी बदलल्याचं कळलं तर कप परत मागतील." मेहुण्याने घरी येऊन विचारलं, "भाऊजी, तुम्ही तर पाहिलंत ना?" मी म्हणालो, "चिखलात काय दिसणार?" त्यानंतर तो आमच्याकडे कधी जेवला नाही. त्याची बहीण, म्हणजे माझी बायको, शेवटच्या दुखण्यात होती, तेव्हाही उभ्या उभ्या भेटून गेला. याची मला लाज वाटते.

वहीत मात्र त्याच दिवशी लिहिलं आहे: नऊ नंबर, परत देणारा मेहुणा.

४. ती वही विभागप्रमुखांकडे एकट्याकडे सोपवू नये. मुलीने ती स्वतः छापखान्यात न्यावी आणि ते पान छापून होईपर्यंत तिथून हलू नये. कप गेला तर जाऊ द्यावा.

५. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असं वकील म्हणतात. माझा विश्वास बसेना, म्हणून दुसऱ्या वकिलालाही विचारलं. तरीही एक सही मी मेहुण्याचीच मागितली आहे, आणि सगळं वाचूनच ती करावी, ही अट आहे. त्याला मी काहीही देत नाही. गोल त्याचाच आहे, मी देणारा कोण?

स्थळ: राहत्या घराची पुढची खोली.
दिनांक: ३ मार्च, सकाळी अकरा.
(सही) लिहून देणार

साक्षीदार पहिले: शेजारचे औषध दुकानदार (सही)

साक्षीदार दुसरे: धाकटा मेहुणा (सही)
सगळं वाचलं, भाऊजी. आज जेवून जाईन.