वारेचा रकाना

प्रिय ठमे,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. शेवटपर्यंत वाच, मग हवं तर फाड.

आमच्या प्रयोगशाळेत सगळं जुनंच. फ्रीजर घरघरतो आणि सर त्याच्यावर खेकसतात. गरोदरपणात रक्तदाब वाढलेल्या बायकांची बाळामागून पडणारी वार आम्ही तपासतो म्हणून तुला किळस यायची, जेवायच्या आधी मला तीनदा हात धुवायला लावायचीस. आईच्या शरीरातल्या पहारेकरी पेशींनी वारेला परकी न मानता वाट करून द्यायची असते, रक्ताच्या नळ्या रुंद व्हायला मदत करायची असते. काहींच्यात ते बिनसतं. वार उपाशी राहते आणि आईचा रक्तदाब चढतो. का बिनसतं, ते बारा वर्षं शोधतेय.

परवा जुने नमुने लावताना एक तक्ता हाती आला. त्यावर नाव नसतं, नुसता क्रमांक. 'वार' या रकान्यात पूर्ण की अपूर्ण एवढंच लिहायचं असतं. तिथे कुणीतरी 'गुरुवार' लिहिलं होतं. नवी मदतनीस पोट धरधरून हसली. मीही हसायला गेले, आणि अक्षर ओळखलं. माझंच होतं.

त्या गुरुवारी तुझं बाळ गेलं. तू अजून शुद्धीवर आली नव्हतीस, आणि वारेचा डबा घेऊन मीच जिना उतरले. संमतीची सही तू आधीच करून ठेवली होतीस, ताईच्या कामाला उपयोग होईल म्हणून.

त्याआधीच्या रविवारी तू मला सांगितलंस, पाय सुजलेत, डोकं ठणकतंय. आणि मी म्हणाले, पहिलटकरणीला होतंच, फार लाड करून घेऊ नकोस. दुसरी कुणी असती तर तिला तडक दवाखान्यात धाडलं असतं. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो मीच गं. आपल्या आईलाही हे सांगायची माझी हिंमत झाली नाही. तूही तिला सांगितलं नाहीस, पण विसरलीही नाहीस. ते बरोबरच आहे.

आता लिहायचं कारण. पुढच्या महिन्यात त्या नमुन्याचा उरलेला तुकडा तपासायला घेणार आहेत. मग काहीच शिल्लक राहणार नाही, आणि तुझ्या बाळाचं जगात तेवढंच उरलंय. सही तू माझ्यावर भरवसा ठेवून केली होतीस. तो उरला नसेल तर नाही म्हण. नियमाने तुला तो हक्क आहे, मी स्वतः तो तुकडा तुझ्या हातात आणून देईन. हो म्हणालीस तर मात्र तो रकाना आधी नीट भरेन. वार पूर्ण होती, ठमे. कमी पडले ती मी.

तुझीच,
ताई