रंगूचं नाव पुसण्याचा हक्क

मी, विनिता अंबाजी चौलकर, वय ६३, अविवाहित, राहणार दिघी, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहिते. रागात आहे, पण राग विचार करूनच धरलेला आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. मुंबईत तीस वर्षं डेटाबेस सांभाळून गावी आले आणि मच्छीविक्रेत्या बायकांच्या संस्थेची सभासद यादी संगणकावर बसवून दिली. भूमिका तीनच ठेवल्या: पाहणारा, नोंदणारा, पुसणारा. पुसण्याचा हक्क फक्त माझा.

२. मोतीबिंदूसाठी अलिबागला गेले तेव्हा तो हक्क भाच्याला, सुजितला दिला. अडलं तर दुसऱ्याला देण्याची मुभाही दिली. अक्कल गहाण पडली होती. त्याने तो संस्थेच्या चेअरमनला, रामचंद्रला दिला. परतल्यावर मी सुजितचा हक्क काढला. आमच्या डेटाबेसात मूळ हक्क काढला तरी पुढे दिलेला तसाच राहतो, तो वेगळा काढावा लागतो. हे मी तीस वर्षं लोकांना शिकवलं, आणि घरचंच पोर म्हणून तपासलं नाही.

३. नव्या बाजारातले ओटे वाटायच्या आदल्या दिवशी रामचंद्रने रंगूचं नाव पुसलं. सभेत ती त्याला तोंडावर खोटारडा म्हणाली होती. तिचा ओटा त्याच्या मेहुणीला गेला. नाव मी जुन्या प्रतीतून परत आणलं, ओटा आला नाही. रंगू दारात येऊन म्हणाली, "बाय, यादीत माजं नाव न्हाय म्हनतात. मंग मी कोन हाय?" चाळीस वर्षं मासळी विकणारी बाई आता रस्त्यावर उन्हात बसते.

सुजितला जाब विचारला. म्हणे, "सायबांना न्हाय कसं म्हनायचं, आत्या?" तोंडाने म्हणायचं. ते देवाने दिलं आहे.

४. सबब माझं राहतं घर, रस्त्याकडच्या पडवीसह, रंगूला द्यावं. विकण्याच्या, देण्याच्या, पाडण्याच्या हक्कासह. पडवीत तिने मासळी विकावी. शेजाऱ्यांना वास आला तर त्यांनी खिडक्या लावून घ्याव्यात.

५. रामचंद्रने माझ्या मयताला येऊ नये. हार पाठवला तर परत करावा.

६. हा कागद सुजितला वाचायला दिला. दोनदा वाचून म्हणाला, "आत्या, यात माजं नाव कुटं हाय?"

खाली आहे. साक्षीदाराला काही मिळत नाही. त्याने फक्त पाहायचं असतं.

दिघी, ता. १४ फेब्रुवारी २०२५
सही: विनिता अंबाजी चौलकर

आमच्यासमोर सही केली:
१. डॉ. मृणाल म्हात्रे
२. सुजित हितेश चौलकर, पाहणारा