नवव्या गाण्याचा आवाज

१२ मार्च

दादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक, तिकडेही असेल असं समजते. वहिनीची मान आता बरी असेल.

आईच्या गाण्यांच्या पेनड्राइव्हचं पाकीट मिळालं. अकरा गाणी, सगळी वहिनीच्या मोबाइलवर घेतलेली. मावशीच्या जुन्या प्लेअरला सीडीशिवाय काही चालत नाही, म्हणून चार वर्षांनी तुला माझी आठवण झाली, हेही कळलं. असो. लोकांचे जुने आवाज सीडीवर चढवून देणं हा माझा धंदाच आहे, भावाला नाही म्हणून कसं चालेल.

गाणी कुठे मोठी, कुठे पुटपुटल्यासारखी आहेत. मावशीला दर गाण्याला बटण फिरवायला उठावं लागू नये म्हणून सगळ्यांचा आवाज एकसारखा करते आहे. चौथ्यात कुणीतरी भांडं पाडलंय (वहिनीच असणार). कॉम्प्युटर तेवढा एक दणका धरून बसतो आणि अख्खं गाणं दबकं ठेवतो. मग तो दणका हाताने कमी केला आणि उरलेलं वर आणलं. अशी आठ गाणी झाली.

आता तुझी चिठ्ठी. 'नववं मावशीचं आवडतं आहे, पण आहे तसंच राहू दे, हळूच बरं वाटतं.' दादा, तुला आवाजातलं कधीपासून कळायला लागलं? तू टीव्ही लावतोस तो शेजाऱ्यांसाठी. शिवाय हे गाणं नुसतं हळू नाही, मुद्दाम खाली ओढलंय. बाकी दहांत पंख्याची घरघर ऐकू येते, यात तीसुद्धा नाही. हे माझ्या लक्षात येणार नाही असं वाटलं तुला?

गाणी तारखेने लावलेली नाहीत, म्हणून नवव्याची तारीख पाहिली. ती आईची शेवटची दुपार आहे. ज्या दुपारी तू मला कळवलं नाहीस. सगळ्यांसमोर तूच म्हणालास, "राहून गेलं." तेव्हापासून मी तुझ्याशी बोललेले नाही. आता काय लपवतोयस? आई माझ्याबद्दल काही वाईट बोलली का? बोलली असेल तर मला ऐकायचंय. उद्या नववं वर आणणार, तुला आवडो न आवडो.

१३ मार्च

पत्र टाकलं नव्हतं, म्हणून इथेच पुढे लिहिते.

नववं बाकीच्यांइतकं वर आणलं. आई गाते आहे, मध्ये मध्ये दम लागतोय. आणि तिच्या गाण्याखाली फोनची रिंग आहे. तू तुझा फोन लावून स्पीकरवर ठेवलेला. पूर्ण वाजून थांबते, पुन्हा सुरू होते. तीन वेळा. ती कापायची तर गाणंच कापावं लागलं असतं, म्हणून तू सगळंच दाबून ठेवलंस.

आई गाता गाता थांबून विचारते, "उचलला का रे तिनं?"

तू म्हणतोस, "लाइनच लागत नाहीये, आई. तू गा. ती आली की ऐकवू तिला."

दादा, त्या दुपारी फोन माझ्यासमोर टेबलावर होता. तुझं नाव दिसत होतं. आदल्या आठवड्यात तू मला पाहुणी म्हणाला होतास, तो राग डोक्यात होता. वाजू दे मेला, म्हटलं, आणि फोन उपडा ठेवला. नंतर तू "राहून गेलं" म्हणालास तेव्हाच मला माहीत होतं की तू खोटं बोलतोयस. तरी मी तेच सगळीकडे सांगत फिरले. इतक्या वेळा सांगितलं की शेवटी मलाही ते खरं वाटायला लागलं. मला लाज वाटते.

सीडी तयार आहे. अकराही गाणी एकाच आवाजात आहेत, नववंसुद्धा. मावशीकडे मी स्वतः घेऊन जाते आहे. ती रिंगबद्दल विचारेलच. तू मध्ये पडू नकोस, मी सांगेन.

नंतर फोन कर. उचलते.

तुझी धाकटी,
जिला तू कळवलं होतंस