नोव्हा, तिची अवजारं आणि सील न फोडलेली बाटली

हे लिहायला मी फेब्रुवारीत बसणार होतो. मग मार्चमध्ये. मार्चमध्ये कागद आणला, त्यावर गाडीच्या मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांची मापं लिहिली आणि तो कागद तेलात पडला. एप्रिल कसा गेला आठवत नाही. आज गुरुवार. परवा शनिवारी गाडी ट्रॅकवर न्यायची आहे. शेजारचे ऑर्वेल स्टकी समोर कॉफी घेऊन बसलेत आणि हे पुरं झाल्याशिवाय उठणार नाहीत असं म्हणतायत. म्हणून लिहितो.

मी, वेस्ली थॉमस ग्रॅबिल, वय सव्वीस, राहणार हार्लन फोर्क, ओहायो, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. ऑर्वेल यांनी खात्रीसाठी वार, महिना आणि त्यांच्या कुत्र्याचं नाव विचारलं, मी तिन्ही बरोबर सांगितली. लग्न झालेले नाही. मूलबाळ नाही, निदान जिथं जिथं राहिलो तिथून कुणी तसं कळवलेलं नाही. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही, ऑर्वेल सोडून. यापूर्वी असा कागद मी केलेला नाही.

दडपणाचं कारण इथंच सांगतो. गेल्या आठवड्यात मी गाडीखाली होतो, तेव्हा ऑर्वेल आले.

"शनिवारी जाणार म्हणे?"

"हो."

"भीती वाटते?"

"नाही."

"जरासुद्धा नाही?"

"काहीच वाटत नाही."

ते गाडीखालून बाहेर आलेल्या माझ्या बुटांकडे बघत होते. मग म्हणाले, "तर मग पोरा, आधी ते राहिलेलं मृत्युपत्र लिही. एकतीस वर्षं शाळेची बस चालवली मी. ज्या दिवशी बर्फात भीती वाटली नाही, त्या दिवशी डेपोत सांगायचो, आज दुसऱ्याला पाठवा."

कलम एक. स्थावर मालमत्ता नाही. ऑर्वेल यांच्या गॅरेजवरच्या खोलीत राहतो. तिची कडी नीट लागत नाही, हे मी नोव्हेंबरपासून सांगतो आहे. (ऑर्वेल म्हणतात, हे इथं लिहायचं नसतं. लिहिलं आहे.)

कलम दोन. बँकेत जे पैसे सापडतील तेवढ्यात मला जाळावं. राख कुठं टाकायची ते कुणीही ठरवावं. फक्त मर्लमामाच्या थडग्याशेजारी नको, ती जागा मामीची आहे. उत्तरेत डकोटाला तेलविहिरींवर असताना माझ्याबरोबर एकजण होता, त्याला आपली राख मासे धरायच्या डब्यात ठेवायची होती. मी पुढं अलास्काला मासे साफ करायला गेलो तेव्हा तो बऱ्याचदा आठवायचा. तो जिवंत आहे बहुतेक. त्याचा इथं संबंध नाही.

कलम तीन. गाडी. १९७२ सालची नोव्हा, दोन दारी, रंग एके काळी हिरवा. कागदांवर मर्ल हॉचस्टेटलर आणि मी, अशी दोन नावं आहेत. मर्लमामा आता नाही. ही गाडी मी माझी मामी डोरीन हॉचस्टेटलर हिला देतो. तिनं ती ठेवावी, विकावी नाहीतर भंगारात घालावी. तिला घ्यायची नसेल तरी तिचीच.

मी नऊ वर्षांचा असताना आई मला मामाकडं सोडून फ्लोरिडाला गेली, तेव्हापासून मी त्या घरात वाढलो. पुढं कुठंकुठं कामाला गेलो, पण दर हिवाळ्यात शेडमध्ये परत यायचो. चार हिवाळ्यांत ही गाडी उभी राहिली. धान्याच्या कोठारामागं ताडपत्रीखाली सापडली तेव्हा हीटरमध्ये उंदरांची तीन घरं होती.

मामाच्या खिशाला झेपेल तेवढंच करायचं ठरलं होतं. अशी गाडी हाती लागली की लोक आधी इंजिनाला लागतात. मोठा कार्ब्युरेटर, मोठा आवाज. मामा म्हणायचा, "पळायचं तिला उपजत येतं रे. थांबायचं शिकवावं लागतं. इंजिनाला हात लावशील तर बोटं तोडीन." म्हणून आधी पुढचे ड्रम ब्रेक काढले आणि भंगारात पडलेल्या तिच्याच जातीच्या एका गाडीचे डिस्क ब्रेक बसवले. वळणावर अंग पिळवटायचं, म्हणून पुढची चौकट मागच्या चौकटीला जोडणाऱ्या दोन लोखंडी पट्ट्या खालून वेल्डिंग केल्या. सांध्यांतले रबरी बुश काढून कडक बुश घातले. वळणात गाडी कलू न देणारा पुढचा आडवा दांडा मोडीत निघालेल्या पोलिसगाडीचा, रेडिएटर एका पावाच्या व्हॅनचा, सीट तालुक्याच्या मातीच्या ट्रॅकवर उलटलेल्या गाडीची. मागची सीट काढली, हीटर काढला. रेडिओ काढायचा नाही, कारण बेसबॉल. टायर तेवढे कोरे घेतले. इंजिन होतं तसंच राहिलं, आजही आहे.

ट्रॅकवरच्या दिवशी शर्यत नसते. पुढच्यानं खिडकीतून हात काढून खूण केली तरच मागच्यानं पुढं जायचं. आमच्या मागं नव्या कोऱ्या गाड्या असायच्या. मामाचा डावा हात जास्त वेळ बाहेरच असायचा. वळणात मात्र तो त्यांना गाठायचा, आणि मग त्यांचा हात बाहेर यायची वाट बघायचा.

कलम चार. ट्रॅकवरच्या गार्लंड पाइक याला काहीही देत नाही. दोन वर्षांत त्यानं आम्हाला एकदाही हात दाखवला नाही. अख्खी अकरा वळणं आम्ही त्याच्या मागच्या बंपरला चिकटून होतो, आणि गाड्या उभ्या करायच्या जागेत येऊन म्हणतो, "आरशात दिसला नाहीत हो, मर्ल." मामा म्हणाला, "आवाज तरी ऐकू आला असेल." पाइक म्हणाला, "मला वाटलं काहीतरी सुटून पडलंय." मामाला फार हसू आलं होतं. मला आलं नव्हतं. पाइकला आरसा देणार होतो, पण तोही देत नाही.

कलम पाच. अवजारं. जॅक, उचललेली गाडी टेकवायच्या चारही घोड्या आणि वेल्डिंगचं यंत्र ऑर्वेल यांना. नट मोजून आवळायचा टॉर्क पाना मामाचा होता, तो डोरीनमामीकडं परत जावा. त्याच्या डब्यात पिवळ्या खडूचा तुकडा आहे. चाकाचा नट आवळून झाला की मामा त्यावर खडूची रेघ मारायचा. रेघ नसेल तो नट आवळलेला नाही, मग कुणी काहीही शपथ घेवो. तो खडू फेकू नये.

ऑर्वेल विचारतायत, किती राहिलं. एक राहिलं.

कलम सहा. हे डोरीनमामीसाठी आहे.

ट्रॅकवर जाण्याआधी गाडी तपासून एक कागद भरावा लागतो. एकवीस ओळी असतात. अकराव्या ओळीत लिहिलेलं असतं की ब्रेक ऑइल गेल्या सहा महिन्यांत बदललं आहे. खाली सही. आमच्याकडं दुसऱ्यानं तपासायचं आणि दुसऱ्यानंच सही करायची. स्वतःच्या गाडीला माणूस माफ करतो, असं मामाचं म्हणणं.

ब्रेक ऑइल बदलून हवा काढायला दोन माणसं लागतात. हवा राहिली की पेडल मऊ लागतं. एक खाली, एक पेडलवर. आमच्याकडं पेडलवर नेहमी मामी बसायची. विणकाम मांडीवर. मामा खालून ओरडायचा, "दाब!" ती म्हणायची, "दाबलं." तो चाकामागचं हवा काढायचं निप्पल सैल करायचा. "धर!" "धरलं." तो आवळायचा. "सोड!" "सोडलं, आणि मर्ल, माझे टाके चुकले." चार चाकं, प्रत्येकाला पंधरा-वीस वेळा. झोपेतसुद्धा मला ते ऐकू यायचं.

गेल्या वर्षी मार्चमध्ये मामाच्या खांद्याचं ऑपरेशन झालं, त्याला गाडीखाली जाता येत नव्हतं. त्यानं ऑइलची नवी बाटली आणून शेडच्या खिडकीत ठेवली आणि मला म्हणाला, हे तुझं काम. मामी त्या दिवशी बहिणीकडं गेली होती. उद्या करू म्हटलं. दुसऱ्या दिवशी केंटकीहून एकाचा फोन आला, त्याच्याकडं चार स्पीडचा गिअरबॉक्स होता, स्वस्तात. मी बघायला गेलो. गिअरबॉक्स फुटका निघाला. पण त्याचा भाऊ होडी बांधत होता, मी मदतीला थांबलो. दोन दिवसांचे चार आठवडे झाले. परत आलो तेव्हा शुक्रवार होता, शनिवारी ट्रॅक.

मामा ओट्यावर बसला होता, हात गळ्यात नव्हता आता. म्हणाला, "ऑइलचं झालं होतं ना रे, जायच्या आधी?"

मी म्हणालो, "झालं."

"मामी होती ना पेडलवर?"

"होती."

मामी आत स्वयंपाकघरात होती. नळ चालू होता. तिनं ऐकलं की नाही मला माहीत नाही.

मी एकवीस ओळींवर खुणा केल्या आणि सही केली. अकराव्या ओळीवरही केली.

जुनं ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. रस्त्यावर कळत नाही. ट्रॅकवर डिस्क तापतात, ऑइलमधलं पाणी उकळतं, त्याची वाफ होते, आणि पेडल तळाशी जातं. लांब सरळ रस्त्याच्या शेवटी, सातव्या वळणावर, २१ एप्रिल २०१८, तिसऱ्या फेरीत. ब्रेकचे दिवे लागले, विझले, लागले, विझले. मामा पेडल मारत होता, गाडी थांबली नाही. मी कठड्याशी उभा होतो, हातात सँडविच होतं. ते मी नंतर खाल्लं. का खाल्लं ते सांगता येत नाही.

लोक म्हणाले, वय झालं होतं, खांदा दुखत होता, चुकला असेल. मी हो म्हणालो.

दफनाच्या दुसऱ्या दिवशी बाटली घ्यायला शेडमध्ये गेलो. खिडकीत बाटली नव्हती. धुळीत तिच्या बुडाचा गोल तेवढा होता. मी कुणाला विचारलं नाही. मामी त्या दिवसापासून माझ्याशी बोललेली नाही, मीही गेलो नाही. मोडकी गाडी ऑर्वेल यांनी त्यांच्या गॅरेजमध्ये आणून दिली. पुढचा भाग तेरा महिन्यांत परत उभा केला, तीच मापं, तेच बुश. रेडिओ लागतो.

मामाची चूक नव्हती. ऑइल बदललेलं नव्हतं. सही माझी होती. हे मामीला वाचून दाखवावं. मी तोंडानं सांगायला हवं होतं, पण माझ्याच्यानं झालं नाही.

(ऑर्वेल यांनी आत्ता हे पान वाचलं. चष्मा काढला. म्हणाले, "आणि आता कुणी धरलं पेडल?"

"कुणी नाही. नळी बाटलीत सोडून एकट्यानंच हवा काढली."

"पेडल कसं लागतं?"

"थोडं मऊ आहे."

"थोडं म्हणजे?"

"मऊ आहे."

"आणि त्या कागदावर सही कोण करणार?"

मी म्हणालो, मामाची सही मला हुबेहूब जमते. त्यावर ते उठून खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. शनिवारचा कागद इथंच शेजारी आहे. सही अजून केलेली नाही.)

एवढंच. याखेरीज मला काही वाटून द्यायचे नाही. वरील मजकूर मी स्वहस्ते लिहिला असून तो मला मान्य आहे.

ठिकाण: हार्लन फोर्क, ओहायो. गुरुवार, १६ मे २०१९.

सही: वेस्ली थॉ. ग्रॅबिल

साक्षीदार पहिला: ऑर्वेल जे. स्टकी. (यांना कलम पाचमध्ये जॅक, घोड्या आणि वेल्डिंगचं यंत्र दिलं होतं. ज्याला काही मिळतं त्यानं साक्ष द्यायची नसते, असं वाचनालयातल्या बाईंनी सांगितलं होतं ते आत्ता आठवलं. ऑर्वेल म्हणाले, "मग ती अवजारं खोड, मला सही करायची आहे." खोडली आहेत.)

साक्षीदार दुसरा: फर्न स्टकी. या केस कापायला गेल्या आहेत, येताच सही करतील. जागा सोडली आहे.

फाटकात गाडी वाजली. फर्न आल्या म्हणून दार उघडलं, तर त्यांची गाडी नाही. मामाचा निळा ट्रक आहे. डोरीनमामी उतरली आहे. केस फार पांढरे झाले आहेत. ऑर्वेल माझ्याकडं बघत नाहीत, म्हणजे मघाशी खिडकीपाशी उभं राहून निरोप त्यांनीच पाठवला असावा, किंवा परवाच.

ती वर आली नाही. जिन्याखालून म्हणाली, "वेस."

मी म्हणालो, "हं, मामी."

"गेल्या वर्षी मला पेडलवर कुणी बोलावलं नव्हतं. तू 'होती' म्हणालास, ते मी नळ बंद करून ऐकलं. मला वाटलं, तुम्ही दोघांनी काहीतरी केलं असेल. विचारायला बाहेर आले नाही."

 तिच्या हातात बाटली आहे. सील तसंच आहे.

"ही जुनी झाली," ती म्हणाली, "दाखवायला आणलीय फक्त. नवी ट्रकात आहे. खाली ये. आणि त्या कागदावर कुणाचं नाव लिहू नकोस, आधी मी बघणार."

हिला साक्षीदार करता येत नाही, गाडी तिला दिली आहे. फर्न येईपर्यंत दुसरी जागा रिकामीच. नोव्हाचं दार वाजलं. ती आत बसली आहे, आणि खालून आवाज येतोय, दाबलं.