मलिदा अगोदर झाला

बर्मिंगहॅम, ६ मे १९७४

ती. एफ्राईमदादास लिलीचा शालोम, सा. न.

आमच्या वरच्या खोलीतले भाडेकरू बॅरन फॉन ट्रेबनाऊ, त्यांना पूर्व जर्मनीचा व्हिसा मिळाला. वकिलातीतल्या बाईंनी आज सकाळी फोनवर नक्की सांगितलं. तिथल्या त्यांच्या वडिलोपार्जित हवेलीत आता शाळा भरते. एक दिवस बघून यायचं. ते घरी सुखरूप पोचावेत म्हणून मी एलियाहू हनाबीला पोहे-गूळ-नारळाचा मलिदा बोलले होते. शिफ्टवरून येऊन लगेच केला. बॅरननी दोनदा मागून घेतला. तेव्हापासून मात्र येरझाऱ्या चालल्यात. बॅग भरतात, पुन्हा रिकामी करतात.

सिमावहिनीला आठवण सांग. माया आहेच, ती राहू दे.
तुझी लिली

इल्फर्ड, ९ मे

चि. लिलीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून सिमा हसली, मी नाही. नवस पोचण्याचा होता, व्हिसाचा नव्हता. काम व्हायच्या आधीच खाऊन मोकळे झालात! आता तो गेलाच नाही तर? आणि नवस जर्मनासाठी? आपल्या यहुदी लोकांचं तिथे काय झालं, ते मी सांगायला हवं? लढाईत हा कुठे होता, एवढं तरी विचार.

रागावलेला, तरी तुझाच,
दादा

बर्मिंगहॅम, १३ मे

ती. दादास सा. न.

विचारलं. धाकट्या भावाशी भांडून ते चौतीस सालीच इकडे आले. लढाईत इंग्रजांनी त्यांनाही जर्मन म्हणून कैदेत ठेवलं. भावाने तिकडे नाझी गणवेश चढवला, शेतावर पकडून आणलेली माणसं राबवली. तो मेला, पण गाव विसरलेलं नाही.

व्हिसा नाकारत होते तेच बरं होतं, असं आता म्हणतात. जायचं रद्द केलं होतं. मला म्हणाले, “लिली, माझा चेहरा त्याचाच आहे.”

मग मी नवसाबद्दलची तुझी हरकत सांगितली. ते उठले, कोटाची बटणं लावली. आपण गेलो नाही तर तुमचा शब्द खोटा पडेल का, असं विचारलं. मी हो म्हटलं. बॅग आता दारापाशी आहे, पुढच्या मंगळवारी निघायचं. पण लंडनमध्ये गाडी बदलताना ते परत फिरतील, अशी मला धास्ती आहे. मला वॉर्डवरून रजा नाही. दादा, समजून घे.

तुझी लिली

इल्फर्ड, १६ मे

चि. लिलीस आशीर्वाद.

समजलो. मंगळवारी लिव्हरपूल स्ट्रीटला मी उभा असेन. हारविचच्या ट्रेनमध्ये त्याच्याबरोबर बसेन, बोटीत चढवूनच परत येईन. सिमा कोरडे पोहे आणि गूळ बांधून देतेय. नारळ टिकायचा नाही. त्याला सांगून ठेव: वाटेत डबा उघडायचा नाही. हवेलीच्या फाटकाशी जो कोणी भेटेल त्याला आधी स्वतःचं नाव सांगायचं, भावाचंही सांगायचं. मग तिथेच उभं राहून घास खायचा.

नवस तेव्हा फिटेल.
दादा